बर्लिनमध्ये रिनोव्हेट केलेला जुना फ्लॅट घेताना: गावाकडच्या पोराबाळांसाठी अन् त्यांच्या मायबापांसाठी

आपल्या दारव्हा, दिग्रस, वरूड, मोर्शीकडचे बरेच पोट्टेपोट्ट्या आता जर्मनीत सेटल होऊन राहिले, कोणी आयटीत, कोणी नर्सिंगला, कोणी मास्टर्स करून तिथंच लागलं, अन् चार-पाच वर्षं किराया भरला की सगळ्यांच्याच डोक्यात येते की एवढा पैसा दुसऱ्याला देण्यापेक्षा आपलाच फ्लॅट घेऊन टाकू. मंग ऑनलाइन फोटो पाहणं सुरू होते. पांढऱ्याशुभ्र भिंती, उंच छत, लाकडाची फर्शी, अन् खाली लिहिलेलं की शंभर वर्षं जुन्या बिल्डिंगमधला पूर्ण रिनोव्हेट केलेला फ्लॅट. फोटो घरच्या ग्रुपवर जाते, काका म्हणते घेऊन टाक, अन् इकडे बाबा कोणाला न सांगता कोणतं वावर काढायचं याचा हिशोब लावत बसतात.

मी मूळची दारव्हा तालुक्यातली, बर्लिनमध्ये राहते, असाच फ्लॅट घेतला अन् नंतर ओळखीच्या बऱ्याच जणांसोबत फ्लॅट पाहायला अन् कागद वाचायला गेली. एक गोष्ट आधीच सांगते. रिनोव्हेट झालेलं असते ते फक्त दाराच्या आतलं. वरचं छप्पर, जिना, पाण्याचे उभे पाइप, तळघर, बाहेरची भिंत हे सगळ्या मालकांचं मिळून असते अन् त्याच्या खर्चाचा हिस्सा तुमच्या वाट्याला येतेच. म्हणून फ्लॅट पाहायला जितका वेळ देता त्याच्या तिप्पट वेळ बिल्डिंगच्या कागदांना द्या.

आधी डोक्यातून काढायच्या गोष्टी

परदेशी माणसाला जर्मनीत घर घेता येते का? येते. भारतीय पासपोर्टवर घेता येते, त्याला वेगळी सरकारी परवानगी लागत नाही. पण घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही, वाढतही नाही, हे गावाकडच्या लोकांना नीट समजावून सांगा कारण तिकडे बऱ्याच जणांचा असा समज आहे. अडते ते बँकेत. बँकेला पाहायचं असते की हा माणूस इथं टिकणार का, म्हणून पर्मनंट रेसिडेन्स असला की काम सोपं होते. ब्लू कार्डवाल्याला (म्हणजे शिकलेल्या नोकरदारांना मिळणारा राहायचा परवाना असलेल्याला) ते २७ महिन्यांनी मिळू शकते, अन् जर्मन बी१ लेव्हलची असली तं २१ महिन्यांनी. तुमचं जर जमत असेल तं भाषेची परीक्षा आधी द्या, फ्लॅट नंतर पाहा. नुसत्या ब्लू कार्डवर पण कर्ज देणाऱ्या बँका आहेत, पण तिथं स्वतःचा पैसा जास्त दाखवावा लागते.

दुसरं म्हणजे कॅश. २०२३ च्या एप्रिलपासून जर्मनीत घराचे पैसे रोख, सोनं किंवा क्रिप्टोमध्ये द्यायला बंदी आहे. सगळा व्यवहार बँकेतून, अन् पैसा आला कुठून हे विचारतात, त्यामुळे कागद जपून ठेवा.

पैसा किती लागते

समजा फ्लॅट ३ लाख युरोचा आहे. बर्लिनमध्ये खरेदीवरचा टॅक्स ६ टक्के, म्हणजे १८,००० युरो. बव्हेरियात हाच टॅक्स ३.५ टक्के आहे अन् ब्रांडेनबुर्गमध्ये ६.५, म्हणून शहर बदललं की हिशोब पुन्हा करा. नोटरी अन् जमीन-नोंदणीचा खर्च मिळून २ टक्क्याच्या आसपास, म्हणजे ६,००० युरो. मधात दलाल असला, ज्याला तिथं माक्लर म्हणतात, तं बर्लिनमध्ये घेणाऱ्याच्या बाजूनं साधारण ३.५७ टक्के, म्हणजे १०,७१० युरो. डिसेंबर २०२० पासून कायदा असा आहे की विकणाऱ्यानं दलाल लावला असला तं सगळी दलाली घेणाऱ्याच्या डोक्यावर टाकता येत नाही, अर्धी विकणाऱ्यालाही द्यावी लागते. हे सगळं मिळून ३४,७१० युरो झाले, अन् या रकमेला बँक सहसा कर्ज देत नाही. वरून फ्लॅटच्या किमतीच्या २० टक्के तरी स्वतःचे टाकले तं व्याजदर बरा मिळते, ते ६०,००० युरो. म्हणजे ९५,००० च्या आसपास तुमच्या खात्यात पाहिजे अन् त्याच्याशिवाय सहा महिन्यांचा खर्च बाजूला. नसतील तं थांबा, थांबण्यात काहीच कमीपणा नाही.

कर्जाचं एक महत्त्वाचं. जर्मनीत व्याजदर १०, १५ किंवा २० वर्षांसाठी फिक्स करतात. मधातच फ्लॅट विकून गावाकडे परत यायचं ठरलं तं बँक नुकसानभरपाई मागते अन् ती रक्कम मोठी राहू शकते. १० वर्षं पूर्ण झाली की सहा महिन्यांची नोटीस देऊन कर्ज बिनदंडाचं फेडता येते, करार २० वर्षांचा असला तरी. अन् दरवर्षी जास्तीचे पैसे भरायची सोय, बहुतेक ५ टक्क्यांपर्यंत, करारात लिहून घ्या. २०२२ च्या सुरुवातीला १ टक्क्याच्या आसपास कर्ज मिळत होतं, वर्ष संपता संपता ते ३.५ च्या वर गेलं, तवा जुन्या लोकांनी सांगितलेला हप्ता तुम्हाला बसणार नाही.

गावाकडून पैसा आणायचा असला तं

इथं मी थोडी जास्त लिहून राहिली, काऊन की सगळ्यात मोठं नुकसान इथंच होते.

आईबाबा भारतातून पैसे पाठवू शकतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पॅन कार्ड लागते. पण एका वर्षात १० लाख रुपयांच्या वर रक्कम गेली की वरच्या पैशांवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापून घेते. तो पैसा बुडत नाही, इन्कम टॅक्स रिटर्नमधून परत मिळते, पण रिटर्न भरलं तं. आता आपल्याकडे ज्याचं सगळं उत्पन्न कापूस-तुरीचं आहे त्यानं जन्मात कधी रिटर्न भरलेलं नसते. म्हणून बँकेत जायच्या आधी तालुक्याच्या किंवा यवतमाळच्या चांगल्या सीएकडे जा, रिटर्न भरायची तयारी ठेवा अन् रक्कम मार्च अन् एप्रिल अशी दोन आर्थिक वर्षांत वाटता येते का ते विचारा.

मंग जर्मनीची बाजू. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत राहते म्हणून आईबापाकडून आलेल्या पैशावर तिथला गिफ्ट टॅक्सचा कायदा लागते. आईकडून ४ लाख युरो अन् बापाकडून वेगळे ४ लाख, दर १० वर्षांत, माफ आहेत, तिथं काही अडचण नाही. पण काका, मामा, मोठा भाऊ यांच्याकडून आले तं माफी फक्त २०,००० युरोची. आपल्याकडे काकानं पुतण्याला मदत करणं म्हणजे घरचीच गोष्ट, टॅक्स ऑफिस तसं धरत नाही. अन् टॅक्स लागो न लागो, गिफ्ट मिळाल्याचं तीन महिन्यांत तिथल्या टॅक्स ऑफिसला कळवायचं असते.

काही जण म्हणतात बाबांचं नाव पण फ्लॅटवर टाकू, त्यांना बरं वाटेल. प्रेम समजते मला, पण बाबा भारतात राहतात, म्हणजे परदेशातली ती मालमत्ता त्यांना दरवर्षी रिटर्नमध्ये दाखवावी लागेल अन् न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यात १० लाख रुपयांचा दंड आहे. त्यापेक्षा आईबाबांना तिकीट काढून बर्लिनला बोलवा.

आता वावराचं. दिवाळीत घरी गेली होती तवा ओळखीतल्या एका काकांनी ओसरीवर बसवून सातबारा दाखवला, कॅनॉललगतची सलग जमीन, बारमाही पाणी, म्हणे पोराला फ्लॅटसाठी हे काढून देतो, गिऱ्हाईक लागलंच आहे. मी त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहिते. खेड्यातली शेतजमीन विकली तं नगरपालिकेपासून ठरलेल्या अंतराच्या बाहेर असल्यास कॅपिटल गेन टॅक्स लागत नाही, हे खरं. पण तुमचा पोरगा एनआरआय आहे, अन् एनआरआयला भारतात शेतजमीन विकत घ्यायची परवानगी नाही. वारसाहक्कानं मिळू शकते, विकत घेता येत नाही. म्हणजे आज विकलेलं वावर उद्या पोराकडे कितीही पैसा आला तरी त्याच्या नावावर परत येणार नाही, जोपर्यंत तो गावाकडे राहायला येत नाही तोपर्यंत. फ्लॅट दोन वर्षं उशिरा घेता येते. माझं स्पष्ट मत आहे, पाण्याचं वावर विकून परदेशातल्या फ्लॅटचं डाउन पेमेंट करू नये.

फ्लॅट पाहायला गेले की

तिथं खोल्या मोजायची पद्धत वेगळी आहे. जाहिरातीत दोन खोल्यांचा लिहिलं म्हणजे एक हॉल अन् एक बेडरूम, आपल्या हिशोबानं वन बीएचके. बाल्कनी सहसा पाव हिश्शानं मोजतात. अन् किचन! किचनमध्ये ओटा, सिंक, कपाटं काहीच नसते असे फ्लॅट सर्रास मिळतात, विकणारा आपलं किचन उचलून घेऊन जाते. असलं तं किमतीत धरलंय का विचारा, अन् धरलं असलं तं करारात किचनची किंमत वेगळी लिहायला लावा, तेवढ्या रकमेवर तो ६ टक्के टॅक्स लागत नाही.

नवा रंग पाहून हुरळून जाऊ नका. बर्लिनच्याच नॉयकोल्न भागात एक फ्लॅट पाहिला, सगळं चकाचक, नवीन लॅमिनेट, बाथरूमला मोठ्या राखाडी टाइल्स. बेडरूमच्या खिडकीखाली रंगाला बारीक फुगा आलेला होता, अंगठ्यानं दाबलं तं रंग कागदासारखा सरकला अन् मागं ओल. मंग आम्ही तळघर उघडायला लावलं, माक्लर म्हणे चाबी नाही, आम्ही म्हटलं थांबतो. चाबी आली. खाली भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा लागलेला, पांढरी भुकटी हाताला लागत होती. म्हणून तळघर पाहिल्याशिवाय कोणत्याच फ्लॅटला हो म्हणू नका, अन् जमलं तं वरचा माळा पण पाहा, काऊन की जुन्या बिल्डिंगचे मजले लाकडाच्या तुळयांवर असतात अन् ओल मुरली की त्याला बुरशी लागते, ती काढायचा खर्च सगळ्या मालकांवर पडते.

नळ पूर्ण सोडा, दोन ठिकाणचे एकदम, धार बारीक होते का पाहा. सिंकच्या खालच्या पाइपाचा फोटो काढा. १९७३ च्या आधीच्या बिल्डिंगमध्ये शिशाचे पाइप असू शकतात, अन् जर्मनीच्या पाण्याच्या नियमानुसार ते १२ जानेवारी २०२६ पर्यंत काढायचे किंवा बंद करायचे होते, तवा उभे पाइप कधी बदलले हे लेखी मागा. विजेचं बोर्ड उघडून पाहा, शॉक लागला तं लाइन तोडणारा एफआय स्विच आहे का. साठ-सत्तरच्या दशकातल्या बिल्डिंगमध्ये जुन्या फ्लोअर टाइल्स अन् त्यांच्या खालच्या गोंदात अॅसबेस्टॉस राहू शकते, जर्मनीत त्यावर १९९३ पासून बंदी आहे, पण लॅमिनेटच्या खाली जुन्या टाइल्स तशाच दाबलेल्या असू शकतात. विचारा, अन् उत्तर ईमेलवर घ्या.

एनर्जी सर्टिफिकेट दाखवणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे (हेरिटेज बिल्डिंग सोडून), त्यात ए प्लसपासून एचपर्यंत ग्रेड असते. जी किंवा एच असला तं हिवाळ्याचं हीटिंगचं बिल आधी मागून पाहा. अन् आवडलाच फ्लॅट तं दुसऱ्यांदा जाताना स्वतंत्र बिल्डिंग एक्सपर्ट सोबत न्या. काही शे युरो जातात. द्या.

कागद, ज्याच्यात खरा फ्लॅट असते

पहिला कागद ग्रुंडबूखचा, म्हणजे तिथल्या जमीन-नोंदणीचा उतारा. आपल्याला हे समजायला सोपं आहे, काऊन की आपण लहानपणापासून सातबारा अन् त्याच्यावरचा बोजा पाहत आलो. ग्रुंडबूखमध्ये पहिल्या भागात मालक कोण, दुसऱ्या भागात दुसऱ्यांचे हक्क, जसं कोणाला जायचा रस्ता किंवा कोणाला जन्मभर राहायचा हक्क, अन् तिसऱ्या भागात बँकेचा बोजा. दुसरा भाग नीट वाचा, बोजा नोटरी उतरवून घेते पण तिथले हक्क बरेचदा तुमच्यासोबत तसेच येतात.

दुसरा, बिल्डिंगची वाटणी कशी झाली तो दस्त, टाइलुंग्सएर्क्लेरुंग. तळघरातली खोली कोणती तुमची, अंगणाचा कोपरा वापरायचा हक्क कोणाला, खर्च कोणत्या हिशोबानं वाटायचा, सगळं यात. आपल्याकडे धुऱ्यावरून भावाभावात कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत, तिथं तळघर अन् पार्किंगवरून होतात.

तिसरं, अन् माझ्या मते सगळ्यात कामाचं, मालकांच्या मिटिंगचे मागच्या तीन वर्षांचे तरी मिनिट्स. जर्मन येत नसलं तरी भाषांतर करून प्रत्येक पान वाचा. छप्पर, उभे पाइप, हीटिंग, फसाड (बाहेरची भिंत), ओल, वकील, कोर्ट असे शब्द शोधा. 'पुढच्या वर्षी छपराचं एस्टिमेट मागवू' अशी एक साधी ओळ असते अन् दीड वर्षानं प्रत्येक मालकाला काही हजार युरोची वेगळी वर्गणी येते, तिला झोंडरउमलागे म्हणतात. त्याच्यासोबतच दुरुस्तीच्या फंडात किती पैसे जमा आहेत ते पाहा. फंडात काही नाही अन् बिल्डिंगचं छप्पर जुनं, तं भाव तोडायला हेच कारण पुरे. महिन्याचा मेंटेनन्स, हाउसगेल्ड, त्यात हीटिंग धरलंय का नाही हे वेगळं विचारा, दोन फ्लॅटची तुलना नाहीतर चुकते.

रिनोव्हेशनची बिलं मागा. कोणत्या कंपनीनं काम केलं, कधी संपलं. बांधकामाच्या कामावर सहसा ५ वर्षांची जबाबदारी ठेकेदाराची असते, अन् विकणाऱ्याचा तो हक्क तुमच्या नावावर होते अशी ओळ करारात टाकता येते. जुना फ्लॅट 'जसा आहे तसा' विकतात, नंतर ओल निघाली तं विकणाऱ्यानं जाणूनबुजून लपवलं हे तुम्हाला सिद्ध करावं लागते, म्हणूनच मी वर म्हटलं की उत्तरं ईमेलवर घ्या. बिलं नाहीत म्हणे, सगळं स्वतःच केलं म्हणे, तं वायरिंग अन् पाइपाचं काम झालंच नाही असं समजून भाव लावा.

फ्लॅटमध्ये किरायदार राहत असला तं भाव कमी दिसते. नवख्या माणसानं स्वतः राहायसाठी असा फ्लॅट घेऊ नये. किरायाचा करार तुमच्यासोबत तसाच पुढं चालते, अन् किरायदार राहायला आल्यानंतर जर ती बिल्डिंग वेगवेगळ्या फ्लॅटमध्ये वाटून विकली असली तं बर्लिनमध्ये १० वर्षांपर्यंत स्वतःला राहायचं आहे म्हणून त्याला काढता येत नाही. रिकामाच फ्लॅट पाहा.

सौदा कसा होते

आपल्याकडे इसार देऊन सौदाचिठ्ठी केली की माणूस बांधला जाते. जर्मनीत नोटरीसमोर सही झाल्याशिवाय घराचा कोणताच सौदा पक्का नाही, तोंडी नाही, ईमेलवर नाही. त्याच्या आधी कोणी बुकिंगसाठी पैसे मागितले तं देऊ नका. दलालानं छापील अटींमध्ये लावलेली रिझर्व्हेशन फी बेकायदेशीर आहे असा तिथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाचा २०२३ चा निकाल आहे. आमच्या ओळखीतल्या एका पोरीला एका दलालानं रात्री दहाला फोन करून सांगितलं होतं की सकाळपर्यंत पैसे टाक नाहीतर फ्लॅट गेला. तिनं नाही टाकले. फ्लॅट तिलाच मिळाला.

नोटरी सहसा घेणाराच निवडते कारण फी तोच भरते. बिल्डर किंवा कंपनी विकत असली तं कराराचा ड्राफ्ट सहीच्या दोन आठवडे आधी तुमच्या हातात पाहिजे, कायदाच आहे. घरगुती मालक विकत असला तरी तेवढाच वेळ मागा. सहीच्या दिवशी नोटरी अख्खा करार मोठ्यानं वाचून दाखवते, अन् इतक्या स्पीडनं वाचते की जर्मन येणाऱ्यालाही दम लागते. जर्मन पुरेसं येत नसलं तं दुभाष्या आणावा लागते, आधीच कळवा. नोटरी दोन्ही बाजूंचा असते, तुमचा वकील नाही, भाव बरोबर आहे का हे तो सांगत नाही. पण मधात थांबवून विचारायचा हक्क तुम्हाला आहे अन् तिथं लाजायचं काम नाही, मी प्रत्येकाला सांगते की समजलं नाही तं हात वर करा. नवराबायको दोघं घेत असाल तं कोणाचा किती हिस्सा ते त्याच करारात लिहून घ्या.

सही झाली की लगेच पैसे द्यायचे नसतात. आधी ग्रुंडबूखमध्ये तुमच्या नावाची राखीव नोंद लागते, म्हणजे मालक आता दुसऱ्याला विकू शकत नाही. ती झाली अन् जुना बोजा उतरवायचे कागद आले की नोटरीचं पत्र येते, आता पैसे भरा म्हणून. त्या पत्राच्या आधी एक युरो पण पाठवू नका, अन् पत्रातला खाते नंबर नोटरीच्या ऑफिसला फोन लावून पडताळून घ्या. टॅक्स ऑफिसचं बिल वेगळं येते, ते वेळेत भरा, ते भरल्याचा दाखला गेल्याशिवाय नाव चढत नाही. पूर्ण मालक म्हणून नाव लागायला महिने लागतात, त्यानं घाबरू नका.

चाबी मिळाल्यावर

चाबी घेताना वीज, पाणी, हीटिंगच्या मीटरचे फोटो काढा, किती चाब्या मिळाल्या ते लिहून दोघांच्या सह्या घ्या. बिल्डिंग सांभाळणाऱ्या ऑफिसला नाव अन् बँक खातं कळवा, बेलवर अन् पत्रपेटीवर नाव लावा, नाहीतर टपाल परत जाते. ग्रुंडश्टॉयर म्हणजे घरपट्टी सहसा तीन-तीन महिन्यांनी भरायची, १५ फेब्रुवारी, १५ मे, १५ ऑगस्ट अन् १५ नोव्हेंबर. पहिल्या वर्षी ती जुन्या मालकाच्याच नावानं येते अन् तुमचा हिस्सा तुम्ही त्याला करारानुसार देता. विकायचं मनात आलं तं लक्षात ठेवा, १० वर्षांच्या आत विकून नफा झाला तं त्यावर टॅक्स आहे, पण विकलं ते वर्ष अन् त्याच्या आधीची दोन वर्षं स्वतः राहत असाल तं नाही. भारतात कायमचं परत आले तरी फ्लॅट ठेवता येते, कारण तो बाहेर राहत असताना घेतलेला आहे, फक्त मंग तो रिटर्नमध्ये दाखवायची जबाबदारी तुमची सुरू होते.

अन् मालकांच्या मिटिंगची पहिली चिठ्ठी आली की जा, भाषा अर्धीच समजली तरी जा. छपराचं मतदान तिथंच होते अन् जो येत नाही त्यालाही वर्गणी भरावीच लागते.